तीन नंबरचा बावटा

"येत्या आठवड्यात राज्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह वादळी पाऊस पडण्याची शक्यता." हे वाक्य आपण गोव्यात वर्षातून दोनदा तरी हमखास वाचतो. एकदा एप्रिल-मे महिन्यांत, काजूचा हंगाम संपत आलेला असतो आणि घामाने जीव नकोसा झालेला असतो तेव्हा. दुसऱ्यांदा ऑक्टोबरात, भात कापणीला आलेलं असतं तेव्हा. वाचतो आणि पान उलटतो. फार तर कुणीतरी म्हणतं, "हवामानखातं म्हणतंय पाऊस येणार, म्हणजे छत्री घरी ठेवायला हरकत नाही." हा विनोद मी शाळेत असल्यापासून ऐकतोय आणि खरं सांगायचं तर स्वतःही पुष्कळदा केलाय.

मी सरकारी कारकून. माझ्या टेबलावर हे वाक्य वर्तमानपत्राच्या आधी येतं. आवक क्रमांक, तारीख, शिक्का, आणि मग साहेबांच्या टेबलाकडे. बरीच वर्षं माझ्या लेखी तो इतर कागदांसारखाच एक कागद होता. मग एक गोष्ट घडली. ती शेवटी सांगतो. त्यानंतर मात्र हे वाक्य मुळात कुठून आलं, ते कुणी आणि कशासाठी लिहायला सुरुवात केली, हे शोधायचा नाद लागला. बी.ए.ला इतिहास घेतला होता, त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

पहिला धडा मिळाला तो 'तुरळक' या शब्दाचा. मला वाटायचं, अंदाज चुकला तर अंगाशी येऊ नये म्हणून खात्याने ठेवलेली ही पळवाट आहे. तसं नाही. हवामानखात्याच्या भाषेत 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या विभागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के, 'अनेक ठिकाणी' म्हणजे ५१ ते ७५, आणि त्याच्या वर गेलं की 'बहुतेक सर्व ठिकाणी'. म्हणजे वाक्यातला प्रत्येक शब्द तराजूत तोलून घातलेला असतो. आपण तो वाचतो मात्र गप्पांतल्या शब्दासारखा. सत्तरीत झाडं उन्मळून पडतात, पणजीत ऊन पडलेलं असतं, आणि पणजीकर म्हणतो, खात्याचा अंदाज चुकला.

आता थोडं मागे जाऊ. थोडं म्हणजे पाचशे वर्षं.

१५१० सालच्या सुरुवातीला आफोंसो द आल्बुकेर्क याने गोवा घेतला, हे आपण सगळेच शाळेत शिकलो. मे महिन्यात विजापूरचं सैन्य परत आलं आणि त्याला शहर सोडून जहाजांवर पळावं लागलं, हेही शिकलो. पण त्यानंतर काय झालं यावर पाठ्यपुस्तक दोन ओळींत उरकतं. त्याने शहर सोडलं तेव्हा मे संपत आला होता. मांडवीच्या मुखावर लाटा फुटायला लागल्या होत्या, बार बंद झाला होता. बार म्हणजे नदीच्या तोंडाशी असलेला वाळूचा उथळ पट्टा. पावसाळी समुद्रात त्यावरून जहाज नेणं म्हणजे ते फोडून घेणं. त्यामुळे मागे किनाऱ्यावर शत्रूच्या तोफा, पुढे खवळलेला दर्या आणि मध्ये मांडवीत अडकलेलं आरमार, अशा स्थितीत त्याने ऑगस्टपर्यंत दिवस काढले. अन्न संपलं. माणसं उंदीर खाऊ लागली, पेट्यांवरचं चामडं उकळून खाऊ लागली, असं पोर्तुगीज बखरकारांनी लिहून ठेवलंय. ऑगस्टमध्ये बार उघडला तेव्हा तो निसटला, आणि २५ नोव्हेंबर १५१० रोजी परत येऊन त्याने गोवा कायमचा घेतला.

या प्रसंगाकडे मी आता वेगळ्या नजरेने पाहतो. दोन आठवडे आधी निघाला असता तर उघड्या समुद्रात गेला असता. दर्या कधी बंद होतो हे इथल्या साध्या खारव्याला ठाऊक होतं. पुढे पोर्तुगीजही ते शिकले, इतके शिकले की त्यांचा सगळा कारभारच पावसाळ्याच्या वेळापत्रकावर चालू लागला. लिस्बनहून जहाजं मार्च-एप्रिलात निघत म्हणजे सप्टेंबरच्या आसपास गोव्याला लागत. उशीर झाला तर मोझांबिकला मुक्काम पडे. परतीची जहाजं डिसेंबर-जानेवारीत सुटत. एका पत्राचं उत्तर यायला वर्ष-दीड वर्ष सहज जाई.

आमच्या कारकुनी पेशाशी याचा एक गमतीचा संबंध आहे. लिस्बन आणि गोवा यांच्यातला तो बराचसा पत्रव्यवहार पणजीच्या पुराभिलेखागारात आहे, आणि त्या दप्तरमालेचं नाव आहे 'मोंसोंइश दु रैनु', म्हणजे 'राज्याकडून आलेले मान्सून'. जहाजं मान्सूनच्या वाऱ्यावर येत म्हणून त्यांच्याबरोबर आलेल्या कागदांच्या गठ्ठ्यालाही मान्सूनच म्हणायचं. अरबी 'मौसिम'चा पोर्तुगिजांनी 'मोंसांव' केला, आणि तोच शब्द पुढे इंग्रजीत जाऊन 'मान्सून' झाला. आपला 'मोसम'ही त्याच अरबी शब्दाचा भाऊ. जगाला हा शब्द मिळण्याच्या वाटेत आपला हा किनारा आहे, ही गोष्ट आपण फारशी सांगत नाही.

पण ऋतू ठाऊक असणं वेगळं आणि येत्या आठवड्यात काय होणार ते ठाऊक असणं वेगळं. ऋतूचं ज्ञान आपल्याकडे फार जुनं आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारात पाऊस मोजायचं भांडं ठेवायला सांगितलंय, त्याच्या तोंडाचं मापही दिलंय. कुठल्या प्रदेशात किती द्रोण पाऊस पडतो याची यादी दिलीय. त्या यादीत अपरान्ताची, म्हणजे आपल्या कोकणपट्टीची पाळी आली की आकडा संपतो. तिथला पाऊस अमित, मोजता न येण्यासारखा! सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत ढगांच्या गर्भधारणेवर अध्याय लिहिला. हिवाळ्यात ढगांचा गर्भ राहतो आणि १९५ दिवसांनी पाऊस जन्मतो, असा त्याचा हिशेब. हिशेब बरोबर नसेल, पण आजच्या आकाशात पाहून सहा महिन्यांनंतरचं काही सांगता येईल, ही कल्पना मोठीच होती.

आपल्या घराघरांत उरलं ते पंचांग. मृगाचं वाहन काय, हत्ती की कोल्हा? हत्ती, म्हैस, बेडूक असेल तर पाऊस चांगला, कोल्हा किंवा गाढव असेल तर बेताचा. आमचे आजोबा पाडव्याला पंचांग आणलं की आधी हे पान काढत. हे वाहन ठरवतात कसं हे मी मोठेपणी शोधलं. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊने भागायचं, बाकी उरेल त्यावरून वाहन. या गणितात वारा, ढग, उकाडा यांपैकी काहीच येत नाही. गणित अचूक आहे, पण त्याचा आकाशातल्या हवेशी संबंध नाही.

त्यापेक्षा मला आपल्या बायकांचं पुरुमेंत जास्त शास्त्रीय वाटतं. मे महिन्यात सुकी मासळी, सोलं, मिरच्या, खारवलेल्या कैऱ्या, सारणासाठी लाकूडफाटा, सगळं भरून ठेवायचं. मडगावला पुरुमेंताचं फेस्त भरतं. हा शब्द पोर्तुगीज 'प्रोव्हिमेंतु'वरून आला, म्हणजे तरतूद. पाऊस कधी येणार ते माहीत नाही, पण येणार हे नक्की, तेव्हा तयारी आधी. मासेमार समाजांची रीतही तीच. होड्या वर ओढायच्या आणि नारळी पुनवेला दर्याला नारळ देऊनच परत लोटायच्या. आज पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची सरकारी मासेमारी बंदी आहे. ती माशांच्या विणीच्या काळासाठी असते, पण तिची मुळं या जुन्या शहाणपणात आहेत.

मात्र या सगळ्यात एक भोक राहतं. ऋतू पाळूनही माणूस मरतो, कारण वादळ ऋतू पाळत नाही. बार उघडा असताना, दर्या शांत असताना, अचानक येतं ते वादळ. त्याची बातमी त्याच्या आधी पोहोचवायची तर वाऱ्यापेक्षा वेगाने धावणारं काहीतरी हवं होतं. ते एकोणिसाव्या शतकात आलं, ते म्हणजे तार.

इंग्लंडमध्ये ऑक्टोबर १८५९ मध्ये 'रॉयल चार्टर' नावाचं जहाज वादळात फुटलं आणि साडेचारशेच्या आसपास माणसं बुडाली. त्यानंतर रॉबर्ट फिट्झरॉय या नौदल अधिकाऱ्याने तारेने किनाऱ्या-किनाऱ्याची हवा गोळा करून १८६१ पासून बंदरांना इशारे द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी १ ऑगस्टला 'टाइम्स' वर्तमानपत्रात जगातला पहिला छापील हवामान अंदाज आला. भाकीत, भविष्य हे शब्द त्याने मुद्दाम टाळले, कारण ते ज्योतिषांचे होते. त्याने स्वतःच्या अंदाजाला नवा शब्द वापरला, तोच आजही इंग्रजीत चालतो. अंदाज चुकले की लोक हसत. शास्त्रज्ञही टीका करत. कर्ज आणि आजारपणही होतं. एप्रिल १८६५ मध्ये त्याने आत्महत्या केली. छत्रीचा विनोद करताना मला आता हा माणूस आठवतो.

आपल्याकडे कलकत्त्यात हेन्री पिडिंग्टन नावाचा एक जुना खलाशी होता. जहाजांच्या अपघातांच्या चौकशा करता करता तो वादळांचा अभ्यासक बनला. वेटोळं घातलेल्या सापावरून, ग्रीक शब्द घेऊन, त्याने 'सायक्लोन' हा शब्द घडवला आणि १८४८ च्या आपल्या पुस्तकातून तो खलाश्यांना दिला. १८५३ मध्ये त्याने गव्हर्नर जनरलला जाहीर पत्र लिहिलं. मातला नदीवर नवं बंदर बांधायचं घाटत होतं. त्याने बजावलं की या जागी चक्रीवादळात समुद्र आत घुसेल आणि बंदर वाहून जाईल. पत्राची दखल कुणी घेतली नाही. पिडिंग्टन १८५८ मध्ये वारला. कॅनिंग बंदर बांधून झालं, आणि १८६७ च्या नोव्हेंबरात एका वादळाने, तेही फार मोठ्या नव्हे, त्याची वाताहत केली. थोड्याच वर्षांत ते सोडून द्यावं लागलं. इशारा चौदा वर्षं आधी मिळाला होता, कागदावर, सहीनिशी.

मधल्या काळात ५ ऑक्टोबर १८६४ रोजी खुद्द कलकत्त्यावर चक्रीवादळ आलं. हुगळीत समुद्र शिरला आणि साठ हजारांच्या आसपास माणसं गेली. महिनाभरात मछलीपट्टणलाही तसाच प्रलय झाला. त्यानंतर १८६५ मध्ये कलकत्ता बंदराला वादळाचे इशारे द्यायची व्यवस्था सुरू झाली. १८६६ मध्ये ओरिसात भीषण दुष्काळ पडला. वादळ आणि दुष्काळ, दोन्हींनी सरकारला धडा दिला आणि १८७५ मध्ये भारतीय हवामानखातं स्थापन झालं. हेन्री ब्लॅनफर्ड हा त्याचा पहिला प्रमुख. हिमालयातल्या बर्फावरून पावसाचा अंदाज बांधायला त्यानेच सुरुवात केली. १९२८ मध्ये खात्याचं मुख्य काम शिमल्याहून पुण्याला आलं. पुण्यातल्या शिमला ऑफिसवरून बसने जाणाऱ्या किती जणांना त्या नावाचं कारण माहीत असेल?

१८९८ पासून देशातल्या बंदरांसाठी इशाऱ्यांची एकच पद्धत लागू झाली. एक ते अकरा क्रमांक. दिवसा शंकूच्या आणि पिंपाच्या आकाराच्या खुणा डोलकाठीवर चढवायच्या, रात्री लाल-पांढरे कंदील. किरकोळ बदल सोडले तर पद्धत आजही तीच. कोकणातल्या वर्तमानपत्रांत 'बंदरावर तीन नंबरचा बावटा' असा मथळा येतो तो यामुळे. तीन नंबर म्हणजे बंदराला सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका. अक्षरओळख नसलेल्या तांडेलालाही तो दुरून कळे. सरकारी कागदात इतकी सोपी भाषा मी फार कमी वेळा पाहिली आहे.

आता मूळ वाक्याकडे येतो. चक्रीवादळ मोठं असतं, शेकडो किलोमीटरचं. ते समुद्रावर चार-पाच दिवस वाटचाल करतं, उपग्रहातून दिसतं. म्हणून आज त्याचा मार्ग बऱ्यापैकी आधी सांगता येतो. १९९९ च्या ऑक्टोबरात ओडिशात महाचक्रीवादळाने दहा हजारांच्या आसपास बळी घेतले. त्याच किनाऱ्यावर २०१३ मध्ये फायलिन आलं तेव्हा दहा लाखांच्या आसपास माणसं आधीच हलवली गेली होती आणि बळींचा आकडा पन्नाशीच्या आत राहिला. चौदा वर्षांतला हा फरक आहे. त्यात उपग्रह, संगणक आहेतच, शिवाय निवारे आहेत, आणि दारोदार जाऊन सांगणारी माणसं आहेत.

वळवाच्या पावसाचं तसं नाही. मे महिन्यात दुपारी घाटावरची जमीन तापते. समुद्रावरून दमट वारा आत येतो, सह्याद्रीच्या भिंतीला लागून वर चढतो. तीन-चार वाजता सत्तरी-सांग्याच्या डोक्यावर कोबीसारखा ढग फुगतो आणि बघता बघता बारा-पंधरा किलोमीटर उंच होतो. त्याच्या पोटात बर्फाचे कण आणि मऊ गारा एकमेकांवर आदळतात, विद्युतभार वेगळे होतात. त्या दिवसांत वरचा वारा पुष्कळदा पूर्वेचा असतो, म्हणून संध्याकाळी पूर्वेकडून काळं होऊन येतं. आणि तासाभरात सगळं संपतं. एका ढगाचं आयुष्य एवढंच.

हा ढग गुरुवारी नेमका वाळपईवर फुटेल की फोंड्यावर, हे सोमवारी सांगता येत नाही, कारण सोमवारी तो ढग जन्मालाच आलेला नसतो. सोमवारी सांगता येतं ते एवढंच की या आठवड्यात हवेत दमटपणा, उष्णता आणि अस्थिरता जमून येतेय, ढग जन्मायला वातावरण पोषक आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ मध्ये दाखवून दिलं की सुरुवातीच्या मोजमापातली अगदी बारीक चूकही हवामानाच्या गणितात वाढत जाऊन पुढचं चित्रच बदलून टाकते. दोन आठवड्यांच्या पलीकडे रोजच्या हवेचा अंदाज जवळजवळ अशक्य, हे आता सर्वमान्य आहे. म्हणून 'शक्यता'. म्हणून 'तुरळक'. नेमकं गाव सांगायचं तर रडार लागतं, आणि तेही दोन-तीन तासच आधी सांगू शकतं. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'दामिनी' नावाचं मोबाइल अॅप केलंय. आपल्या भोवती वीस ते चाळीस किलोमीटरच्या परिघात वीज पडत असेल तर ते सांगतं.

वीज हा विषय मी मुद्दाम काढला. देशात दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं वीज पडून मरतात. २०२२ मध्ये सरकारी नोंदीत हा आकडा २,८८७ होता. चक्रीवादळाला नाव असतं, फोटो असतात, मंत्र्यांचे दौरे असतात. वीज एकेकट्या माणसाला गाठते. शेतात, झाडाखाली, गुरांमागे. म्हणून ती बातमीच्या चौकटीत बसते आणि दुसऱ्या दिवशी विसरली जाते.

आपल्या गोव्याची अलीकडची यादीही पाहा. ६ जून २००० रोजी पावसाळा तोंडावर असताना 'रिव्हर प्रिन्सेस' हे अडीचशे मीटरच्या आसपास लांबीचं जहाज कांदोळीच्या वाळूत येऊन रुतलं. ते दहा वर्षांहून अधिक काळ तिथेच गंजत राहिलं. मुलं त्याला बघत मोठी झाली. नोव्हेंबर २००९ मध्ये, पाऊस संपला असं सगळे समजत असताना, फयान वादळ आलं. शेजारच्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या अनेक होड्या तेव्हा खोल समुद्रात होत्या, आणि कित्येक खलाशी परत आले नाहीत. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार वादळाच्या वेळी 'नू शी नलिनी' हे माणूस नसलेलं आणि नाफ्त्याने भरलेलं जहाज वाहत येऊन दोनापावलच्या खडकांवर चढलं. १६ मे २०२१ रोजी तौक्ते आपल्या किनाऱ्याजवळून गेलं. दोन माणसं गेली, झाडं आणि विजेचे खांब आडवे झाले, कोविडच्या त्या दिवसांत कित्येक गावं काळोखात राहिली. दुसऱ्या दिवशी मुंबईजवळच्या समुद्रात 'पी-३०५' हा तराफा बुडाला. त्यावरच्या २६१ जणांपैकी सत्तरांहून अधिक जीव गेले. तौक्तेचा इशारा अनेक दिवस आधी दिलेला होता.

पिडिंग्टनचं पत्र आणि हा तराफा यांच्यात दीडशेहून अधिक वर्षं आहेत. तेवढ्या काळात आकाशाबद्दलचं ज्ञान कुठल्या कुठे गेलं. आल्तिनोच्या टेकडीवरच्या हवामान केंद्राकडून आज हिरवा, पिवळा, नारंगी, लाल अशा रंगांत इशारे येतात. पण इशारा निघणं आणि इशारा पोहोचणं यांच्यामध्ये माणसं बसलेली असतात. त्यातला एक मी.

आता ती गोष्ट. काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली. शुक्रवारी चार वाजून गेले होते. वादळी पावसाचा, विजांचा इशारा मेलवर आला. मी प्रिंट काढली, नोंदवहीत आवक क्रमांक घातला, 'संबंधितांस कळवावे' असा शेरा येईल म्हणून साहेबांच्या ट्रेमध्ये ठेवली. साहेब मीटिंगला गेले होते. सोमवारी शेरा आला, सोमवारीच मी कागद पंचायतींना रवाना केले. जावक क्रमांक घातला. नियमाप्रमाणे सगळं चोख.

पंधरा दिवसांनी नुकसानभरपाईचा एक अर्ज आला. आतल्या गावातले एक म्हातारे गृहस्थ. आंब्याखाली बांधलेल्या दोन दुभत्या म्हशी वीज पडून मेल्या होत्या. वीज झाडावर पडली तरी ती मुळाशी जमिनीत पसरते, आणि गुरांचे पुढचे-मागचे पाय लांब असल्याने त्यांच्या अंगातून जोराचा प्रवाह जातो, हे मी नंतर वाचलं. अर्जासोबत तलाठ्याचा पंचनामा होता. तारीख शनिवारची, वेळ संध्याकाळी साडेपाच. मी अर्जाला आवक क्रमांक घालायला नोंदवही उघडली आणि सवयीने दोन पानं मागे गेलो. शुक्रवारची नोंद माझ्या अक्षरात. सोमवारची नोंद माझ्याच अक्षरात. मधला शनिवार कोरा. सुट्टी होती.

म्हाताऱ्याने कुणावर ठपका ठेवला नव्हता. असा काही इशारा आला होता हे त्याला माहीतच नव्हतं. कळवलं असतं तर त्याने म्हशी गोठ्यात नेल्या असत्या का? सांगता येत नाही. कदाचित त्यानेही छत्रीचा विनोद केला असता. कदाचित शनिवारी वीज दुसरीकडेच पडली असती आणि मी चूक केली हे मला कधी कळलंच नसतं. तुरळक ठिकाणी म्हणजे शंभरातल्या जास्तीत जास्त पंचवीस ठिकाणी. त्या पंचविसांत तो आंबा होता. भरपाईची फाइल मी हातोहात फिरवून पुरी करून घेतली, पण त्याने काही मिटत नाही.

हल्ली मी एक करतो. असा कागद आला की आवक क्रमांक नंतर, आधी फोन. पंचायतीच्या सचिवाला, एखाद्या ओळखीच्या पंचाला, आतल्या वाड्यांवरच्या दोन-तीन दुकानदारांना. दुकानदार सगळ्यात उपयोगी, त्यांच्याकडे संध्याकाळी सगळे येतात. निरोप साधा ठेवतो: उद्या दुपारनंतर गडगडणार आहे, गुरं झाडाखाली बांधू नका, गडगडाट ऐकू आला की शेतातून घरात या. आता मोबाइलवर सरकारी संदेशही थेट येतात, म्हणून माझ्या फोनची गरज कमी झाली असेल. तरी करतो. बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही. मग एखादा दुकानदार भेटला की हसून म्हणतो, "बाबा, काल तुमचो पावस खंय गेलो?"

मीही हसतो. तिन्ही वेळा पाऊस आला नाही म्हणून चौथ्यांदा मुरगावच्या बंदरावर कुणी बावटा उतरवून ठेवत नाही.